कै. यशवंतराव चव्हाण : मुंबईत शिकलेली मुत्सद्देगिरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका दिवंगत थोर पुरुषाचा परिचय करून देण्याची प्रथा आहे. यंदा संपादक-मंडळाने कै. यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचे चरित्र लिहिण्याचे काम मजकडे सोपविले, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. यशवंतराव कोणास ठाऊक नाहीत? शालेय पुस्तकांत ते आहेत, गावोगावच्या सभागृहांना त्यांचे नाव आहे. शिवाय आपली बहुतेक सभासद-कुटुंबे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत वाढलेली. या भागांत एके काळी यशवंतरावांचे नाव प्रेमाने घेतले जात नसे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेलच. त्यांच्या चरित्राचे सर्व पैलू सांगण्याऐवजी त्यांतील एकच धागा येथे उलगडावा असे ठरविले. आपल्याशी उघड वैर धरणाऱ्याशी बोलणी कशी करावी, हा तो धागा होय. हा धडा त्यांनी मुंबईत, बहुतांशी आपल्याच वडिलांकडून, घेतला आणि वीस वर्षांनी अणुबॉम्ब व हायड्रोजन बॉम्ब बाळगणाऱ्या चीनशी व्यवहार करताना वापरला, असे माझे मत आहे.

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगच्या साथीत वडिलांचे छत्र हरपले आणि मातोश्री विठाबाईंनी अत्यंत हलाखीत मुलांना वाढविले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, 1932 साली कायदेभंगात अठरा महिन्यांची शिक्षा, येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्यांचा सहवास, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून 1938 साली बी. ए., पुण्यातून वकिलीची पदवी, 1942 साली वेणूताईंशी विवाह आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी भूमिगत जीवन, असा हा प्रवास आहे. या सर्वांचे रसाळ वर्णन त्यांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात आलेलेच आहे. 1946 साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले, आणि कृष्णाकाठच्या या तरुणाचा मुंबई शहराशी खरा संबंध त्या वेळी जडला.

आता त्या कडू काळाकडे वळू. 1955 च्या नोव्हेंबरात आणि 1956 च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले. फ्लोरा फाउंटनपासून गिरगाव, परळ, लालबागपर्यंत घरे शोकात बुडाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. अशा वेळी यशवंतरावांनी काँग्रेसची शिस्त आणि पंडित नेहरूंवरील निष्ठा सोडली नाही. त्यांच्या त्या वेळच्या वक्तव्याने मराठी मन इतके दुखावले की, आमच्या लालबागच्या चाळीत त्यांचे नाव निघाले तर थोर माणसेही तोंड फिरवीत. माझे वडील गिरणीत साच्यावर काम करीत आणि समितीच्या प्रत्येक मोर्चात असत. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ आमच्याकडे मोठ्याने वाचला जाई, आणि यशवंतरावांवर जे काही छापून येई ते ऐकून आम्ही मुले टाळ्या पिटत असू. त्या टाळ्यांची आज लाज वाटत नाही. त्या दिवसांत दुसरे काही सुचणे शक्यच नव्हते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांची स्थिती कशी होती ते पाहा. राजधानी मुंबई, आणि मुंबईतील मराठी वस्ती त्यांच्या विरोधात! 1957 च्या निवडणुकीत समितीने मुंबईच्या मराठी भागांत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडविली. मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी लोकसभेत गेले. स्वत: यशवंतराव कऱ्हाडात थोडक्या मतांनी बचावले. त्यांचे मंत्रिमंडळ टिकले ते गुजरात, विदर्भ व मराठवाड्यातील सभासदांच्या बळावर.

अशा मुख्यमंत्र्यापुढे दोन मार्ग असतात. एक दंडुक्याचा, आणि तो आधीच्या राजवटीत वापरून झालेला होता. दुसरा पाठ फिरविण्याचा. यशवंतरावांनी दोन्ही टाळले. समितीचे पुढारी आणि ते यांचे विधिमंडळात कडाक्याचे वाद झाले, परंतु बोलणे तुटेल असे शब्द यशवंतरावांच्या तोंडून क्वचितच गेले. विरोधकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, त्यातील जेवढे खरे तेवढे मान्य करणे आणि उरलेल्याला शांतपणे उत्तर देणे, ही त्यांची पद्धत त्याच सभागृहात घडली.

30 नोव्हेंबर 1957 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. समितीने निदर्शनांची हाक दिली आणि वाई-पसरणीच्या वाटेवर हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. सरकारच्या मनात असते तर तो जमाव तेथवर पोहोचू न देणे अशक्य नव्हते. यशवंतरावांनी निदर्शनास वाव दिला, समितीच्या नेत्यांनी शांतता राखली आणि पंडितजींनी आपल्या डोळ्यांनी लोकभावना पाहिली. दिल्लीस वर्षानुवर्षे खलिते पाठवून जे कळले नव्हते ते त्या घाटातल्या एका दिवसाने कळविले. माझ्या वडिलांना हे मानणे फार जड गेले. पण त्या दिवशी निदर्शक आणि ज्याच्याविरुद्ध निदर्शने झाली तो मुख्यमंत्री, दोघेही एकच काम करीत होते.

पुढे दिल्लीचे मन वळविण्याचे काम मात्र यशवंतरावांनी एकट्याने, घाई न करता केले. द्वैभाषिक प्रामाणिकपणे चालवून दाखवायचे आणि मग ते लोकांच्या मनात रुजत नाही हे सांगायचे, असा तो क्रम होता. ज्याने आधीच मोडता घातला असता त्याचे म्हणणे दिल्लीने ऐकून घेतले नसते. शेवटच्या तडजोडीत गुजरातच्या नव्या राजधानीसाठी आणि तुटीसाठी महाराष्ट्राने रक्कम देण्याचे मान्य केले, डांगचा प्रदेश गुजरातकडे गेला. मुंबई मिळविण्यासाठी पैसे मोजावे लागले म्हणून तेव्हा बरीच कुरकुर झाली. बेळगाव-कारवारचा प्रश्न तर सुटलाच नाही, आणि तो दोष त्यांच्या पदरात टाकणारे आजही आहेत. तथापि 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. हे राज्य एका जातीचे नसून सर्व मराठी माणसांचे राहील, असे त्यांनी त्याच सुमारास स्पष्ट केले होते. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट आवर्जून नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

दोनच वर्षांनी प्रसंग पालटला. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर आक्रमण केले. त्या वर्षीची दिवाळी लालबागेत कोणी मनापासून साजरी केली नाही. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि संरक्षणमंत्री म्हणून पंडितजींनी यशवंतरावांना बोलावून घेतले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते दिल्लीस पोहोचले, आणि त्याच दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. ज्या वडिलांनी 1956 साली त्यांच्या नावाने बोटे मोडली होती, त्यांनी संरक्षण निधीत आईच्या मंगळसूत्रातले दोन सोन्याचे मणी नेऊन दिले. यशवंतरावांविषयी ते काही बोलले नाहीत. पुढच्या काळात त्यांच्या नावाने पुन्हा बोटेही मोडली नाहीत.

संरक्षणमंत्री यशवंतराव आणि मुख्यमंत्री यशवंतराव यांत वरवर पाहता विरोध दिसेल. येथे त्यांनी बोलण्यापेक्षा बळ वाढविण्याकडे लक्ष दिले. श्रीलंकेच्या पुढाकाराने सहा तटस्थ राष्ट्रांनी डिसेंबर 1962 मध्ये कोलंबो येथे मांडलेले प्रस्ताव भारताने स्वीकारले. चीनने तत्त्वत: होकार देऊन प्रत्यक्षात अडवून धरले. बोलणी होण्याजोगी भूमीच उरली नव्हती. पेकिंगमधील, म्हणजे आजच्या बीजिंगमधील, आपला राजदूत 1961 साली परतला होता, चीनचा राजदूत 1962 च्या युद्धापूर्वीच दिल्लीहून गेला होता. दोन्हीकडे उरले ते कार्यभारी अधिकारी. निरोप्यांपलीकडे त्यांचे काम जात नसे.

मग यशवंतरावांनी सेनापतींचा विश्वास मिळविला. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी ते नित्य बसून बोलत. मंत्री आणि सैन्य यांत पडलेले अंतर त्यामुळे हळूहळू मिटले. पहाडी मुलखात लढू शकतील अशा नव्या डिव्हिजन उभ्या राहिल्या. 1964 साली ते शस्त्रास्त्रांच्या वाटाघाटींसाठी प्रथम अमेरिकेस गेले. हवी ती विमाने तेथे मिळाली नाहीत आणि तेथे असतानाच पंडितजींच्या निधनाची वार्ता आली. त्याच वर्षी पुढे रशियाचा दौरा झाला. मिग विमानांचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे आला. ब्रिटिशांच्या साहाय्याने लढाऊ नौका आपल्याच गोदीत बांधण्याचा बेत ठरला, आणि आपल्या माझगावच्या गोदीत बांधलेली ‘नीलगिरी’ 1968 साली पाण्यात उतरली, 1972 साली नौदलात दाखल झाली. लालबाग-माझगावच्या कित्येक घरांतील हात त्या कामाला लागले होते.

16 ऑक्टोबर 1964 रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. त्या दिवसापासून उत्तर सीमेवरचा शेजारी केवळ वैरी राहिला नाही, अण्वस्त्रधारी वैरी झाला. बॉम्ब करावा की करू नये, याची चर्चा संसदेत आणि तुर्भ्यात, डॉ. होमी भाभांच्या अणुशक्ती केंद्रात, एकाच वेळी सुरू झाली. पंतप्रधान शास्त्रीजींनी बॉम्बचा मार्ग तूर्त न धरण्याचे ठरविले. अशा स्थितीत ज्यास सीमा सांभाळायची असते त्याच्या मनावर किती भार पडत असेल, याची कल्पना करावी.

1965 च्या सप्टेंबरात तो भार पुरता अनुभवास आला. पाकिस्तानशी युद्ध जुंपलेले असतानाच, 16 तारखेच्या मध्यरात्रीनंतर चीनने निर्वाणीचा खलिता दिला. सिक्कीमच्या सीमेवरील भारतीय लष्करी बांधकामे तीन दिवसांत पाडा, आणि पळविलेली 59 याक व 800 मेंढ्या परत करा, अशी त्यातील मागणी होती! दिल्लीत विरोधकांनी चिनी वकिलातीपुढे मेंढरांचा कळप नेऊन त्या मागणीची थट्टा केली. सरकारला थट्टा करून भागणार नव्हते. उत्तर सौम्य गेले: बांधकामे कोणाच्या हद्दीत आहेत ते दोघांनी मिळून पाहावे. मात्र उत्तरेकडच्या पहाडी डिव्हिजन तेथून हलविण्यात आल्या नाहीत. मुदत वाढली, मग चीननेच भारतीयांनी बांधकामे पाडल्याचे जाहीर करून विषय संपविला आणि 23 सप्टेंबरला पाकिस्तानशी युद्धबंदी झाली. समोरच्याला माघार घेण्यास सोयीस्कर निमित्त मिळू द्यावे आणि आपली जागा सोडू नये, हे प्रतापगडच्या घाटात दिसलेलेच शहाणपण होते. या युद्धकाळात यशवंतराव रोजनिशी लिहीत. ती त्यांचे सचिव राम प्रधान यांनी 2007 साली प्रसिद्ध केली, तेव्हा या संथ दिसणाऱ्या माणसाने त्या दिवसांत किती घालमेल सोसली ते लोकांना कळले.

जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला ते शास्त्रीजींबरोबर होते. जिंकलेला हाजीपीर परत द्यावा लागला, आणि करारावर सही झाल्यानंतर काही तासांतच शास्त्रीजी गेले. त्याच वर्षाअखेरीस यशवंतरावांकडे गृहखाते आले, 1970 साली अर्थखाते आले. त्या वर्षांचा आपल्या विषयाशी संबंध नाही. एवढेच सांगावयाचे की, महाराष्ट्राचा दहावा वाढदिवस म्हणजे 1 मे 1970, त्या दिवशी पेकिंगच्या समारंभात माओ यांनी भारताच्या कार्यभारी अधिकाऱ्यांशी, ब्रजेश मिश्रांशी, हस्तांदोलन करून मैत्रीची भाषा काढली. दिल्लीत त्या हस्तांदोलनाचा अर्थ लावण्यात बराच काळ गेला.

ऑक्टोबर 1974 मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. पाचच महिन्यांपूर्वी, 18 मे रोजी, पोखरणला आपला पहिला स्फोट झाला होता आणि त्यासाठी लागलेले द्रव्य तुर्भ्याचेच होते. तथापि चीनकडे तोवर हायड्रोजन बॉम्ब येऊन सात वर्षे झाली होती. बरोबरीचा प्रश्न नव्हता. अमेरिकेशीही सरळ नव्हते. फेब्रुवारी 1975 मध्ये तिने पाकिस्तानवरील शस्त्रबंदी उठविली, तेव्हा यशवंतरावांनी ठरलेला वॉशिंग्टनचा दौरा रद्द केला आणि काही महिन्यांनी, राग निवल्यावर, ते तेथे गेले. न बोलणे हेही बोलणेच असते, पण ते फार दिवस ठेवून चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

चीनच्या बाबतीत तर चौदा-पंधरा वर्षे न बोलण्यात गेली होती. कलकत्त्यास फेब्रुवारी 1975 मध्ये टेबलटेनिसचे जागतिक सामने झाले, त्यांस चिनी खेळाडू आले. दार किंचित उघडले असे वाटले. मे महिन्यात सिक्कीम भारताचे राज्य झाले आणि चीनने कडक निषेध केला. ऑक्टोबरच्या 20 तारखेस, 1962 च्या आक्रमणाच्या बरोबर तेराव्या वर्षी, अरुणाचलातील तुलुंग ला येथे आसाम रायफल्सचे चार जवान चिनी गोळीबारात मारले गेले.

येथे कोणाही मंत्र्याला दार बंद करणे सोपे होते. लोकांनी त्यास शाबासकीच दिली असती. चीनने व्यापलेली भूमी परत मिळविण्याची संसदेची 14 नोव्हेंबर 1962 ची प्रतिज्ञा तशीच उभी होती, अक्साई चीनचे सुमारे 38,000 चौरस किलोमीटर त्यांच्या ताब्यात होते, आणि चार घरांत नुकतेच सुतक होते. शत्रूकडे आपण होऊन राजदूत पाठविणे म्हणजे नमते घेणे नव्हे काय? माझ्या पिढीच्या पुष्कळांना तसे वाटले. मलाही वाटले होते.

यशवंतरावांनी निषेध नोंदविला आणि प्रयत्न चालू ठेवले. 15 एप्रिल 1976 रोजी त्यांनी लोकसभेत जाहीर केले की, पेकिंगला पुन्हा राजदूत पाठविण्यात येत आहे. त्या जागी के. आर. नारायणन यांची निवड झाली. पुढे ते राष्ट्रपती झाले. आपला राजदूत आधी परतला होता, म्हणून आपलाच आधी गेला. मागोमाग त्याच वर्षी चीनचा राजदूत दिल्लीस आला. सीमेचा एकही दगड हलला नाही, कोणताही हक्क सोडला गेला नाही. फक्त दोन राजधान्यांत अधिकाराने बोलू शकेल अशी माणसे बसली. त्याच मे महिन्यात पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पुन्हा जोडण्याचे ठरले.

हे श्रेय एकट्या यशवंतरावांचे म्हणता येणार नाही. मुख्य निर्णय पंतप्रधान इंदिरा गांधींचा होता आणि परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांचे परिश्रम त्यामागे होते. आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे सारे घडले तेव्हा देशात आणीबाणी होती. लोकसभेतील विरोधी पक्षांचे कित्येक नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, म्हणून त्या घोषणेवर मोकळा वाद झालाच नाही. ज्या यशवंतरावांनी प्रतापगडच्या वाटेवर काळ्या निशाणांना जागा दिली होती, ते त्या काळात मंत्रिमंडळात राहिले आणि गप्प राहिले. चीनशी बोलण्याचा मार्ग मोकळा करणारा हा माणूस घरच्या विरोधकांशी बोलण्यासाठी त्या वेळी पुढे आला नाही, याचे वैषम्य त्यांच्या चाहत्यांनाही वाटत आले आहे.

तुलुंग ला नंतर चीनच्या सीमेवर चकमकीत भारतीय जवान मृत्युमुखी पडले ते एकदम जून 2020 मध्ये, गलवान येथे. मधल्या सुमारे 45 वर्षांत कुरबुरी झाल्या, सैन्ये समोरासमोर उभी राहिली, परंतु बोलण्याची सोय होती. 1979 साली परराष्ट्रमंत्री वाजपेयी पेकिंगला गेले, 1988 साली पंतप्रधान राजीव गांधी गेले. दोघांच्याही आधी तेथे आपला राजदूत बसलेला होता.

या संदर्भात परळची एक गोष्ट आठवते. 1938 साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे मूळचे सोलापूरचे, पण डॉक्टर झाले परळच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. 1942 साली चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता तेथेच वारले. चिनी लोक त्यांस विसरले नाहीत. शांतारामबापूंनी परळच्याच राजकमल कलामंदिरातून त्यांच्यावर बोलपट काढला तो 1946 साली. 1962 नंतर त्या बोलपटाचे नाव आमच्या चाळीत कोणी काढीत नसे. 1976 च्या उन्हाळ्यात राजदूताची बातमी आली, तेव्हा निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी गॅलरीत बसून शेजाऱ्यांना तो बोलपट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला.

1977 साली काँग्रेसचा पराभव झाला. पुढची वर्षे यशवंतरावांच्या वाट्याला मानाची कमी आणि एकाकीपणाची अधिक आली. जून 1983 च्या पहिल्या तारखेस वेणूताई गेल्या आणि त्यांचे मन संसारातून उठले. 25 नोव्हेंबर 1984 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, कऱ्हाडास, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मुंबईत मंत्रालयाशेजारी त्यांच्या नावाची वास्तू उभी आहे. ज्या इमारतीला त्यांच्या वेळी सचिवालय म्हणत, तीच ही मंत्रालयाची इमारत. 1956 साली याच सचिवालयात ते मुख्यमंत्री म्हणून बसले, तेव्हा बाहेरच्या शहराशी त्यांचे बोलणे जवळजवळ तुटलेले होते.